बोरिंगवाला म्हणतो ०.०४, मेकॅनिक म्हणतो ०.३०: पिस्टनचा क्लिअरन्स नक्की कुठे मोजायचा?

मिरजकर_८००:
गाडी मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, वडिलांच्या हातची. निळा धूर आणि सारखं ऑइल घालणं सुरू झालं म्हणून इंजिन उतरवलं. बोअरच्या (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या भोकाच्या) वरच्या बाजूला नखाला अडेल एवढी कड झाली होती. म्हणून बोरिंग करून, म्हणजे बोअर मोठा कापून, ०.५० मिमी ओव्हरसाइज (मोठे) पिस्टन बसवायचं ठरलं.

ब्लॉक परत आला. बोरिंगवाल्यानं चिठ्ठीवर तिन्ही सिलिंडरपुढे क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि बोअरमधली मोकळीक, ०.०४ लिहून दिलंय. पिस्टनच्या डब्यातल्या कागदावर ०.०४ ते ०.०५ मिमी आहे. म्हणजे सगळं जुळतंय. पण आमच्या मेकॅनिकनं रिंगा न घालता पिस्टन बोअरमध्ये सोडला, वरच्या कडेला फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) घातलं, तर ०.३० ची पट्टी सहज आत गेली! "ब्लॉक वाया घालवला, आता स्लीव्ह (बोअरमध्ये नवी नळी) मारा" म्हणून तो हात झटकून मोकळा. व्हर्नियर लावला तर बोअर ६९.०२ आणि पिस्टन डोक्यापाशी ६८.६०. आता कुणाचं ऐकू?

उद्यमनगरी:
बोरिंगवाल्याचं ऐका, पण डोळे झाकून नको.

मेकॅनिकची पट्टी खोटं बोलत नाही, ती चुकीच्या जागी गेलीय. पिस्टन म्हणजे सरळ गोल डबा नव्हे. डोकं ज्वाळेखाली असतं, सगळ्यात जास्त तिथं तापतं आणि फुगतं. म्हणून रिंगांच्या पट्ट्यात तो मुद्दाम बारीक केलेला असतो. तिथं तीन-चार दशांश मिलिमीटर मोकळीक दिसणारच. बोअरला टेकून चालतो तो खालचा स्कर्ट. आणि स्कर्टही गोल नसतो, किंचित अंडाकार असतो. गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनच्या) दिशेला कमी, पिनच्या काटकोनात जास्त. पिनच्या बाजूला धातू जाड असल्यामुळे गरम झाल्यावर तो तिकडं पसरतो आणि मग आकार गोलाकडं येतो.

म्हणून माप एकाच जागी: पिनच्या काटकोनात, स्कर्टवर खाली. खालच्या कडेपासून किती वर, ते मॅन्युअलमध्ये किंवा डब्यातल्या कागदावर असतं. ती उंची बघा, अंदाजानं नको. तिथून वर सरकलात की आकडा बदलला.

आणि तो व्हर्नियर पेटीत ठेवा. त्याचा एक भागच ०.०२ चा. बोअर मोजताना तेवढी चूक, पिस्टन मोजताना तेवढी, आणि तुम्ही शोधताय ०.०४! ५०-७५ मिमीचा मायक्रोमीटर आणि बोअर गेज (भोकाचं आतलं माप दाखवणारं डायलचं हत्यार) कुणाकडून तरी मागून आणा. मग असं करा: मायक्रोमीटरनं पिस्टनचं माप घ्या, रॅचेटनंच, दाबून नाही. लॉक करा. कापडात गुंडाळून व्हाइसमध्ये हलका धरा आणि त्याच्याच दोन तोंडांमध्ये बोअर गेज ठेवून डायल शून्यावर आणा. तेच गेज बोअरमध्ये उतरवा. पुढे-मागे झुलवलं की काटा एका ठिकाणाहून उलटा फिरतो, तिथला आकडा वाचा. तोच तुमचा क्लिअरन्स. वजाबाकी नाही, आणि मायक्रोमीटर थोडा इकडंतिकडं असला तरी दोन्हीकडं तोच वापरल्यामुळं फरक पडत नाही.

प्रत्येक बोअर वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांना: क्रँकच्या लांबीला आणि आडवा. नव्या होनिंगनंतर (बोअर दगडानं घासून शेवटच्या मापाला आणल्यावर) या सहा आकड्यांत ०.०१ पेक्षा जास्त फरक आला तर ब्लॉक घेऊन परत जा.

एक विचारतो. बोरिंगला ब्लॉकसोबत पिस्टन दिले होते का? नुसतं "पन्नास करा" सांगून ब्लॉक टाकून येणारे बघितलेत म्हणून विचारलं.

विदर्भातला_गॅरेजवाला:
वरचं सगळं पटलं, फक्त एक जोडतो. आमच्याकडे मे महिन्यात शेडमध्येच चाळीस अंश असतं. मापं २० अंशांची गृहीत असतात. अ‍ॅल्युमिनियम (पिस्टनचा धातू) ब्लॉकच्या बिडापेक्षा, म्हणजे ओतीव लोखंडापेक्षा, जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे ६९ च्या बोअरला वीस अंश जास्त असले की क्लिअरन्स ०.०१ च्या थोडा वर कमी दिसतो. ०.०४ मधून तेवढा गेला की माणूस घाबरून पुन्हा होन मारतो. त्याहून वाईट म्हणजे ब्लॉक सावलीत आणि पिस्टन उन्हात ठेवलेल्या गाडीच्या डिकीत. भाऊ, दोन्ही रात्रभर एकाच खोलीत ठेवा, सकाळी मोजा. पिस्टन मुठीत धरून बसू नका.

जुना_फिटर:
आमच्या वेळी बोअर गेज कुणाकडं होतं? अर्ध्या इंचाची लांब फीलर पट्टी स्कर्टच्या बाजूला घालायची, पिस्टन उलटा बोअरमध्ये, आणि स्प्रिंगच्या काट्यानं पट्टी ओढायची. किती जोर लागतो त्यावर ठरायचं. मॅन्युअलमध्ये जोराचा आकडासुद्धा दिलेला असे.

उद्यमनगरी:
काका, ती पद्धत चांगलीच आहे, पण बोअर तळाशी निमुळता आहे का हे पट्टी सांगत नाही. बोअर गेज न मिळाल्यास मात्र जरूर करावी. मेकॅनिकनं हीच पट्टी स्कर्टशी घातली असती तर भांडणच झालं नसतं.

मिरजकर_८००:
पिस्टन सोबतच दिले होते. ओळखीच्या टर्नरकडून दोन्ही हत्यारं आणली, ब्लॉक आणि पिस्टन रात्रभर घरात ठेवले. पहिला आणि दुसरा बोअर ०.०४२ ते ०.०४५. तिसरा वर ०.०४५, तळाशी ०.०५. मेकॅनिकलाही बोलावून काटा दाखवला. "कागदात बसतंय तर बसवू," म्हणाला, पण चेहरा अजून तसाच आहे.

दोन शंका. स्कर्टवर काळसर थर आहे, माप त्याच्यावरून घ्यायचं का? आणि रिंगचा गॅप, म्हणजे रिंगच्या दोन टोकांमधली फट, वेगळा बघायचा ना?

उद्यमनगरी:
तिसराही चालेल. कुठला पिस्टन कुठल्या बोअरचा, हे मार्करनं लिहून ठेवा, आता अदलाबदल नको.

काळा थर म्हणजे कोटिंग. कंपनीनं मापासाठी मध्ये उघडी जागा ठेवली असेल तर तिथं, नाहीतर कागदात जसं सांगितलंय तसं. कोटिंगवरून घेतलेलं माप उगाच मोठं येतं.

रिंग गॅप वेगळाच. रिंग बोअरमध्ये घालून उलट्या पिस्टननं सरळ खाली ढकला, मग फीलर लावा. कागदातला आकडा पहिला. तो नसेल तर २५ मिमी बोअरला ०.१० हा जुना हिशेब, म्हणजे तुम्हाला ०.२७ च्या आसपास. थोडा जास्त परवडतो, कमी अजिबात नाही. गरम झाल्यावर टोकं भिडली की रिंग तुटते नाहीतर बोअरला ओरखडे पाडते.

आणि बसवण्याआधी बोअर साबण आणि गरम पाण्यानं ब्रश मारून धुवा. होनिंगची पूड रॉकेलनं निघत नाही, नुसती पसरते. पांढरं फडकं फिरवून पांढरंच बाहेर आलं पाहिजे. मग लगेच इंजिन ऑइलचा हात. या दमट हवेत बीड चहा होईपर्यंतसुद्धा थांबत नाही, तांबूस पडतं.