'स्टॅटिक' साइट, 'स्टेबल' आवृत्ती : दोन्हीकडे 'स्थिर' कसं चालेल?

तिरपी_रेघ (खानापूर)
आमच्या गावच्या वाचनालयाची साइट ह्यूगोवर करायला घेतली आहे. (ह्यूगो म्हणजे लिहिलेल्या मजकुरातून साइटची पानं तयार करून देणारा फुकट प्रोग्रॅम.) पुढे पोरांना सांभाळता यावी म्हणून कसं बसवायचं, कसं चालवायचं हे मराठीत लिहून ठेवतेय. शिवाय जी थीम, म्हणजे साइटचं तयार रूप, वापरली, तिच्यात मराठीची फाइलच नाही. 'पुढे वाचा', 'मागील पान' असली शे-दीडशे वाक्यं. ती करून मूळ प्रकल्पाला पाठवायची आहेत.

अडलं पहिल्याच पानावर. माझ्या संगणकावर उबुंटू ही प्रणाली आहे, तिच्या प्रोग्रॅमच्या भांडारातून मी ह्यूगो इन्स्टॉल केलो, तर ते इतकं जुनं निघालं की थीम चालेचना. म्हणून पोरांसाठी वाक्य लिहिलं : 'स्थिर संकेतस्थळ जनित्राची नवी स्थिर आवृत्ती स्थापित करा.' बाबांना वाचायला दिलं. म्हणाले, "स्थिर म्हणजे आधी पडत होतं काय? वाचनालयाला इन्व्हर्टर आहे, आता जनित्र कशाला? आणि स्थापना करायची तर भटजी कोण?"

पहिला 'स्थिर' म्हणजे स्टॅटिक, पानं आधीच तयार असलेली साइट. दुसरा म्हणजे स्टेबल, तपासून पक्की केलेली आवृत्ती. आणि जनित्र म्हणजे जनरेटर, ह्यूगोच. काय करू?

काटेकोर (पुणे)
शब्द आहे : 'स्थितिक'. शाळेत 'स्थितिक विद्युत' शिकला असालच. स्थितिक आणि गतिक, जोडी तयार. दुसरीकडे 'स्थिर' राहू द्या. प्रश्न मिटला.
जाता जाता : 'मी इन्स्टॉल केलं', 'केलो' नव्हे.

अनगोळ्या
साहेब, आमच्याकडं बाई असो बाप्या असो, 'मी काम केलो', 'मी भाकरी खाल्लो'. कन्नडात क्रियापद कर्त्याकडंच बघतं, त्याच्या शेजारात राहून आमचंही तसंच झालंय. आम्ही इथं बोलूलालोय, तुम्ही तिथं तपासूलालाय.
आणि 'स्थितिक' म्हटलं की मला फुगा केसाला घासलेला आठवतो. साइट आठवत नाही.

तिरपी_रेघ
मी 'केलो'च म्हणते, लिहिताना सुटलं. असू दे. पण 'स्थितिक' वाचून बाबा चौथी शंका काढतील.

शहापूरची_सून
आधी वस्तू काय ते बघा. एक साइट अशी की गिऱ्हाईक दारात आल्यावर सर्व्हर चूल पेटवतो, डेटाबेसातून जिन्नस काढतो आणि पान रांधून वाढतो. दुसरी अशी की सगळी पानं आधीच रांधून डब्यात भरलेली, आला की डबा हातात. म्हणून 'आयती साइट', 'आयती पानं'. कुणालाही कळेल.

काटेकोर (पुणे)
'आयती पानं' वाचून पोरं पट्टी घेऊन लांबी-रुंदी मोजतील. शिवाय आदल्या दिवशी रांधलेलं म्हणजे शिळासप्तमी झाली.

शहापूरची_सून
शिळासप्तमीचं अन्न तुम्हाला कमी वाटतं का? आमच्याकडे लग्नातले मांडे आधीच करून ठेवतात. कुणी 'शिळे' म्हणून बघावं, सासूबाई आहेत.

उद्यमबाग_दुसरी_पाळी
रांधायचं राहू द्या. मी फाउंड्रीत आहे, मला हे बघितल्याबरोबर आमचंच काम वाटलं. मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणा घालून, लिहायचा, तो रस. टेम्प्लेट म्हणजे साचा. ह्यूगोची आज्ञा दिली की रस साच्यात पडतो आणि 'पब्लिक' नावाच्या फोल्डरात पानं गार होऊन बाहेर. चूक सापडली तर बाहेर पडलेल्या पानावर कानस मारायची नाही, मारली तरी पुढच्या वेळी पुन्हा तीच चूक. मुळात सुधारायचं, परत ओतायचं.
म्हणून 'ओतीव साइट'. आणि जनरेटरला 'ओतारी'. इन्व्हर्टरचा घोळ संपला.

तिरपी_रेघ
ओतारी! हा मला फार आवडला. 'ओताऱ्याची नवी स्थिर आवृत्ती उतरवून घ्या.' वाक्य एकदम चालायलाच लागलं.

काटेकोर (पुणे)
ओतारी हे समाजाचं नाव आहे. यंत्राला देऊ नये.

अनगोळ्या
सुतारपक्ष्याला सांगून या.

जुना_खर्डेनवीस (निपाणी)
मी २००८ साली आलेल्या जेकिलपासून या धंद्यात. तेही ह्यूगोसारखं पानं करणारंच. तेव्हा रुबी ही भाषा बसवा, मग जेम, म्हणजे तिचे जोडभाग, बसवा, मग एक जेम दुसऱ्याशी भांडतो ते सोडवा, यात रविवार जायचा. २०१३ ला ह्यूगो आलं, गो भाषेत लिहिलेलं, एकच फाइल. उतरवली, योग्य जागी ठेवली, चालू. याला कसली 'स्थापना'? 'बसवणे' म्हणा. पंप बसवतो, पंखा बसवतो, ह्यूगो बसवतो.
साच्याबद्दल : 'साच' म्हणजे खरं, त्यावरून 'साचा'. खऱ्याची प्रत.

काटेकोर (पुणे)
'बसवणे' मान्य. साच्याची कथा अमान्य. संस्कृत 'सञ्चक', अर्थ साचाच. 'सत्य'शी काही नातं नाही.

जुना_खर्डेनवीस (निपाणी)
आमच्या गुरुजींनी सांगितलं होतं. तुमचा सञ्चक तुमच्यापाशी.

तिरपी_रेघ
पुढचं. 'कॉन्ट्रिब्युट' कसं लिहू? 'योगदान' लिहिलं की माझ्याच गळ्यात हार पडल्यासारखं वाटतं. थीममधली चार वाक्यं मराठीत केली, याला योगदान?

मळ्यातला (चिकोडी)
हातभार. नाहीतर आपला पैरा आहेच.

शहापूरची_सून
पैरा नको. पैऱ्यात आज तुमचे बैल माझ्या रानात, उद्या माझे तुमच्या. परतफेड ठरलेली. इथे थीम करणारा कुठल्या देशात बसलाय, तो काय तिच्या वाचनालयाची पुस्तकं झटकायला येणार? ही इर्जिक. एकाचं रान, गाव नांगर घेऊन जातं, मजुरी नाही, जेवण तेवढं.

मळ्यातला (चिकोडी)
मग जेवण कोण घालतं?

शहापूरची_सून
तेवढंच अडलंय.

मळ्यातला (चिकोडी)
माझं म्हणणं तरी सोडत नाही. तिनं ह्यूगो फुकट घेतलं ना? आधी त्यांचे बैल हिच्या रानात येऊन गेले, आता हिचे जायचे. आमच्या गावात कन्नड बोलणारी घरं याला 'मुय्याळु' म्हणतात. घेतलेला हात फेडायचा. इर्जिकीत उपकार होतो, पैऱ्यात बरोबरी राहते.

तिरपी_रेघ
हे पटलं, पण मार्गदर्शिकेत 'पैरा कसा करावा' लिहिलं तर पोरं ट्रॅक्टर शोधतील. आणि फोर्क? म्हणजे दुसऱ्याच्या प्रकल्पाची आपली वेगळी प्रत काढणं.

अनगोळ्या
फाटा. यावर चर्चा नको.

काटेकोर (पुणे)
फाटा. मान्य. (नोंद घ्यावी.)

तिरपी_रेघ
पुल रिक्वेस्ट? म्हणजे 'माझे बदल मूळ प्रकल्पात घ्या' ही विनंती. एकाने 'ओढविनंती' सुचवलं, ते लिहिताना मलाच ओढल्यासारखं होतं. गिटलॅब या कोड ठेवायच्या साइटवाले त्यालाच मर्ज रिक्वेस्ट म्हणतात. मग 'विलीनीकरण विनंती'?

जुना_खर्डेनवीस (निपाणी)
ताई, बेळगावात बसून हा शब्द लिहिताय! सीमाभागाची महाराष्ट्रात विलीनीकरणाची विनंती १९५६ पासून उघडी आहे. १९६७ ला महाजन अहवालाचा रिव्ह्यू आला, २००४ ला ती सर्वोच्च न्यायालयात चढवली, अजून कुणी बटण दाबलेलं नाही. तुमच्या पोरांनी 'विलीनीकरण विनंती प्रलंबित' वाचलं तर मोर्चा निघेल.

मळ्यातला (चिकोडी)
इथं राजकारण नको. माझी अर्धी भावकी कन्नड बोलते आणि आमच्यात कुणी विनंती प्रलंबित ठेवत नाही.

अनगोळ्या
'मिळवून घ्या' लिहा. पिठात पाणी मिळवतात तसं.

तिरपी_रेघ
सध्या पुल रिक्वेस्टचं नुसतं 'पीआर' लिहून पुढे जाते. आता 'ड्राफ्ट'. ह्यूगोत नवं पान काढलं की बहुतेक वेळा त्याच्या डोक्यावर 'ड्राफ्ट : ट्रू' येतं आणि ते पान साइटवर उतरतच नाही. मी एक तास शोधत बसले होते. सर्व्हर चालवायच्या आज्ञेला मोठा 'डी' (-D) जोडला तेव्हा दिसलं. पोरं इथेच अडणार. 'मसुदा' सरकारी वाटतो, म्हणून 'खर्डा' लिहिलं : 'पान खर्डा असेल तर बाहेर येणार नाही.'

अनगोळ्या
भाकरीबरोबर का येणार नाही?

जुना_खर्डेनवीस (निपाणी)
माझ्या नावाचा विषय निघाला. खरडलेला तो खर्डा, कागदावरचा. मिरचीचाही तोच. तव्यात मिरच्या, लसूण भाजून तांब्याच्या बुडानं रगडायचं आणि तव्याला चिकटलेलं खरडून घ्यायचं. शब्द एकच.

काटेकोर (पुणे)
कागदाचं ठीक. मिरचीच्या व्युत्पत्तीला आधार काय? आणि तो ठेचा झाला.

शहापूरची_सून
ठेचा खलबत्त्यात. खर्डा तव्यात. पुण्यात दोन्ही बरणीतून येत असेल.

उद्यमबाग_दुसरी_पाळी
मध्येच येतो. काल पाळीवर विचारलं. आमच्यात 'ओतीव' कुणी म्हणत नाही. 'कास्टिंग'. साच्याला 'मोल्ड', लाकडाच्या नमुन्याला 'पॅटर्न'. रस तेवढा रस. जुने मिस्त्री आहेत, त्यांना 'ओतारी' म्हटलं तर म्हणाले, "ते पितळेची भांडी करणारे. मी मोल्डर." मी सुचवलेला शब्द माझ्याच खात्यात चालेना.

तिरपी_रेघ
मी फाइलीत सगळीकडे 'ओतारी' करून बसले आहे, चाळीस जागी.

काटेकोर (पुणे)
'स्थितिक' अजून उपलब्ध आहे.

मळ्यातला (चिकोडी)
खर्ड्यात शेंगदाणे घालतात का नाही ते आधी सांगा.

शहापूरची_सून
अजिबात नाही.

जुना_खर्डेनवीस (निपाणी)
आमच्यात घालतात. भाजून, भरड.

अनगोळ्या
मग ती चटणी झाली, खर्डा कुठला बे.