अकाउंटले आधार सक्तीचं पायजे का?

कपाशीवाला: गावच्या ग्रुपात कोण्या फेक आयडीनं माह्या काकूच्या फोटोखाली घाणघाण लिवलं, सरपंचाच्या निवडणुकीपासून हेच चालू हाय, मंग आधार लावल्याबिगर अकाउंटच नाही असं काहून करत नाही?

संत्राबाग: करालेच पायजे बावा. सिमले केवायसी लागते ना!

वर्धेकर: मंग नंबरवरूनच शोधा ना, आधार कायले? २०२१ च्या आयटी नियमात मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांले पडताळणीची सोय द्या म्हटलं हाय, पण ऐच्छिक. दक्षिण कोरियानं २००७ मध्ये ओळख पडताळणीची सक्ती केली, २०१२ मध्ये त्यायच्याच कोर्टानं उडवली.

गावची ताई: रेशनवाल्याची तक्रार मी खोट्या नावानंच टाकली होती. खऱ्या नावानं टाकली असती तं पुढच्या महिन्यात तांदूळ भेटला असता का?

कपाशीवाला: हे बी खरंच हाय म्हना. पण काकू अजून फोन हातात घेत नाही.