लुईव्हिलचे चिकासॉ उद्यान आणि ‘वेगळे पण समान’ हा दावा

पिंपळपान:
अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात ओहायो नदीकाठी सुमारे ६१ एकरांचे चिकासॉ उद्यान आहे. १९२०च्या दशकाच्या आरंभी ते कृष्णवर्णीयांसाठी म्हणून करण्यात आले आणि त्याचा आराखडा ओल्मस्टेड बंधूंच्या नामांकित उद्यानरचना संस्थेने केला. त्यांच्या वडिलांनीच १८९१ पासून शहरातील चेरोकी, इरोक्वॉय आणि शॉनी ही मोठी उद्याने आखली होती. आखणी इतक्या जाणत्या हातांची असेल, तर अन्याय नेमका कुठे होता? आणि ही विभागणी नियमाने झाली की रूढीने?

जुनाखडू:
आधी रूढीने, मग नियमाने. वस्त्या वंशानुसार वेगळ्या ठेवण्याचा लुईव्हिलचाच कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये रद्द केला होता. उद्याने मात्र शहराच्याच ताब्यात होती आणि सोयी समान असतील तर वंशानुसार वेगळ्या ठेवता येतात, हा सर्वोच्च न्यायालयाच्या १८९६च्या प्लेसी निकालातला ‘वेगळे पण समान’ आधार शाबूत होता. चिकासॉ झाल्यावर, १९२४ मध्ये, विभागणी अधिकृत करण्यात आली. हा क्रम मला योगायोगाचा वाटत नाही, कारण ‘तुमचे वेगळे उद्यान आहे’ असे सांगता येऊ लागल्यावरच इतर उद्यानांतून लोकांना बाहेर ठेवणे सोपे झाले.

रेवा:
अन्याय चिकासॉमध्ये शोधू नये, असे माझे मत आहे. लोकांनी ते मनापासून आपलेसे केले, तिथली मातीची टेनिस मैदाने नावाजली गेली आणि तरुणपणी मुष्टियोद्धा मुहम्मद अलीने तिथे सराव केला. पण त्या उद्यानात गोल्फचे मैदान नव्हते, आणि इतरत्र होते तिथे प्रवेश नव्हता. पी. ओ. स्वीनी या दंतवैद्यांनी इतरांसह शहरावर दावा लावला, तेव्हा १९५१ मध्ये संघीय न्यायालयाने गोल्फपुरता त्यांच्या बाजूने निकाल दिला. समान सोयच नसल्यामुळे ‘वेगळे पण समान’ हा बचाव तिथे टिकण्यासारखा नव्हता. इरोक्वॉयमधील खुले नाट्यगृह खासगी संस्थेला भाड्याने दिलेले असल्यामुळे ती मागणी मात्र फेटाळली गेली. शाळांमधील वंशानुसार विभागणी घटनाबाह्य ठरवणाऱ्या ब्राउन खटल्यानंतर, १९५४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले आणि १९५५ मध्ये शहराची उद्याने सर्वांना खुली झाली.

जुनाखडू:
खासगी मालकीची हीच सबब शॉनी उद्यानालगतच्या फाउंटन फेरी या मनोरंजननगरीला आणखी काही वर्षे पुरली. तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश मिळायला १९६४ साल उजाडले.