कशिदा: कापडावरचा आणि पाटीवरचा

टाकदौत:
परवा एक डिझायनर अरबी दुकानपाट्यांचे जुने फोटो दाखवत होती. मधेच म्हणाली, "बघ, इथे पेंटरने कशिदा किती लांब ओढलाय." मी आपली वेलबुट्टी शोधतेय! फोटोत तर नुसता निळा पत्रा आणि त्यावर पांढरी अक्षरं. माझ्या डोक्यात कशिदा म्हणजे आजीच्या उशीच्या अभ्र्यावरचा. हा तोच शब्द आहे का?

बोरूबहाद्दर:
तोच. फारसीत 'कशीदन' म्हणजे ओढणे, 'कशीदा' म्हणजे ओढलेले. कापडातून दोरा ओढला की तुमच्या आजीचा कशिदा, अक्षराचा सांधा ओढला की पाटीवरचा. बिडीचा 'कश' मारतात, तोही याच घरातला. योगायोग म्हणा, पण मराठीत कशिदा 'काढतात', आणि विहिरीतून पाणीही 'काढतात'. अरब मंडळी स्वतः या ओढीला 'मद्द' किंवा 'तत्वील' म्हणतात, म्हणजे लांबवणे.

आता हे करायचं कशाला? पत्रा लांब आणि शब्द आखूड, ही जगातल्या प्रत्येक पेंटरची अडचण. आपला पेंटर अक्षरं फाकवतो किंवा जाड करतो. अरबीत अक्षरं एकमेकांना जोडलेली, म्हणून सांधा लांबवायचा. 'मतअम' (खाणावळ) घ्या: मीम, ता, ऐन, मीम, चौघं हातात हात घालून उभे. हवं तिथे ओढा. पण 'दार' (घर) लिहायचं असेल तर पंचाईत. २८ अक्षरांत सहा अशी आहेत की ती पुढच्याचा हात धरतच नाहीत. दाल, अलिफ आणि रा ही त्यातलीच. म्हणजे दारावर कशिदा निघत नाही! (मराठी दाराशी याचं नातं नाही, ते 'द्वार'वरून आलं.)

मस्कतकर:
छान लिहिलंत, पण दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे, अरबी लिहिण्याच्या सगळ्याच वळणांत (शैलींत) असं ओढता येत नाही. पाट्यांवर 'रुकआ' वळण खूप दिसतं. ते मूळचं रोजच्या लिहिण्याचं, घाईचं. दोन नुक्त्यांच्या (टिंबांच्या) जागी एक छोटी रेघ मारून मोकळं व्हायचं. त्यात कशिदा चालत नाही. रुकआ म्हणजे चिठ्ठी, आपला 'रुक्का'. तसंच 'दिवाणी' वळण उस्मानी दरबाराच्या दिवाणातलं. आपला दिवाणी दावा आठवा.

दुसरी गोष्ट, हाताने ओढलेला कशिदा सपाट नसतो. दोन खुंट्यांना बांधलेल्या दोरीसारखा मधे किंचित लवतो आणि पुढच्या अक्षराशी पुन्हा उचलला जातो. संगणकावर तत्वीलची कळ दाबली की मधे नुसती आडवी पट्टी बसते, ठिगळासारखी. ही लवण टंकात (फॉन्टमध्ये) आणायची, म्हणून तर डिझायनर कैरो-बैरुतच्या गल्ल्यांतून पाट्यांचे फोटो काढत हिंडतात. हुदा अबीफारेस यांनी २००४ मध्ये ॲमस्टरडॅमला खत्त फाउंडेशन काढलं, तेही अरबी टंक आणि अक्षरकला पुढे नेण्यासाठी.

आमच्या मस्कतच्या रुवी भागातल्या एका खाणावळीने रंगवलेली पाटी उतरवून फ्लेक्स लावला. सगळी अक्षरं सुटी, शिवाय उजवीकडून डावीकडे जायची ती डावीकडून उजवीकडे! छापणाऱ्याच्या संगणकाला अरबी जोडता येत नव्हतं. दोन दिवस गिऱ्हाईकांपेक्षा हसणारेच जास्त.

टाकदौत:
'खत्त' आलं म्हणून विचारते. अरबीत 'खत्तात' म्हणतात तो सुलेखनकार की पेंटर?

बोरूबहाद्दर:
दोन्ही, आणि मला त्या शब्दाचा हेवा वाटतो. खत्त म्हणजे रेघ आणि लिखाणसुद्धा. खरेदीखत, गहाणखत, दस्तखत यांतलं खत तेच (शेणखत वेगळं). मशिदीवर ओळी लिहिणारा खत्तात आणि किराणा दुकानाची पाटी रंगवणाराही खत्तात. आपण मात्र प्रदर्शन भरवणाऱ्याला सुलेखनकार म्हणतो आणि ट्रकवर नाव टाकणाऱ्याला नुसतं पेंटर. युनेस्कोने २०२१ मध्ये अरबी सुलेखनाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा पत्र्यावरच्या अक्षरांची किती जणांना आठवण झाली असेल कुणास ठाऊक.

तरी पाट्यांवरच्या 'लेटरिंग'ला सरसकट सुलेखन म्हणू नये असं माझं मत. बोरूने अक्षर एका ओढीत उमटतं. पाटीवर आधी खडूने आखतात, मग कुंचल्याने भरतात, कडा सावरतात. त्याला 'अक्षरांकन' चालेल. 'बोर्ड रंगवणं' तर धावेलच.

पाटीची मात्र दोन्हीकडे एकच गत. अरबीत 'लौह' म्हणजे मुलं ज्यावर धडे गिरवतात ती लाकडी पाटी, आणि 'लौहा' म्हणजे फलक. 'लाफिता'ही म्हणतात, म्हणजे लक्ष वळवून घेणारी. इजिप्तमध्ये बोलताना 'याफ्ता', तो तुर्कीतून आला.

मस्कतकर:
इथे दर दुसऱ्या लौहावर 'बकाला' दिसतं, म्हणजे किराणा दुकान. बक्काल म्हणजे किराणावाला. आपल्या 'वाणी-बकाल'मध्ये तो माणूसच होता. मग 'शहर बकाल झालं'मध्ये बिचारा घाणीचा धनी कसा झाला? यावर वेगळा धागा काढा राव.

टाकदौत:
थांबा, तो निळ्या पत्र्याचा फोटो पुन्हा उघडला. मुळाक्षरांचा तक्ता शेजारी ठेवून एकेक अक्षर लावलं. बकालाच आहे! बा आणि काफच्या मधे ओढलंय, आणि हो, मधोमध लवलंय.