मदत हवी आहे : जुन्या लाकडी पेटीतून भुसा पडतोय

जुन्या वस्तूंच्या बाजारातून हाताने कोरलेली एक लाकडी पेटी घेतली. लांबी साधारण दीड फूट. झाकणावर वेगळ्या रंगाच्या लाकडाचे तुकडे बसवून केलेली नक्षी आहे आणि त्या नक्षीवरच जीव जडला, त्यामुळे घेताना तळ उलटून पाहिला नाही. (पाहायला हवा होता, मान्य.)

तळाला एक-दोन मिलिमीटरची गोल छिद्रं आहेत. वाळवी नाही, मातीचा मागमूसही नाही. जुनी छिद्रं असतील म्हणून आधी सगळं झटकून व्हॅक्यूम केलं आणि पेटी काळ्या कागदावर ठेवली. आठवड्याने कागदावर पिवळसर, ताजा भुसा. म्हणजे आत कीड जिवंत आहे. दोन दिवस उन्हातही ठेवून झाली, भुसा पडतोच आहे. आणखी ऊन द्यायला नको वाटतं, झाकण किंचित वाकल्यासारखं दिसतंय.

पेटीत जुनी पत्रं ठेवायची आहेत, म्हणून रॉकेल किंवा उग्र वासाचं औषध नको. पॉलिश बहुधा लाखेचं आहे, तेही खरवडायचं नाही. सध्या पेटी प्लास्टिकमध्ये बांधून बाकीच्या लाकडी सामानापासून लांब ठेवली आहे.

उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवल्याने अशी कीड मरते, हे माहीत आहे. पेटी फ्रीझरमध्ये मावतेही. भीती नक्षीची आहे: तुकडे सरसाने चिकटवलेले असावेत. अशी जडावाची वस्तू कुणी स्वतः गोठवली आहे का, आणि नंतर तुकडे सुटले का?