डायनाको स्टिरिओ ७०: एका चॅनलचा बायस स्थिर राहत नाही

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे डायनाको स्टिरिओ ७० हा जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर आहे. त्याच्या प्रत्येक चॅनलमध्ये दोन ईएल३४ व्हॉल्व्ह असून त्या दोघांच्या कॅथोडला (ज्या टोकातून व्हॉल्व्हचा सगळा प्रवाह जातो) मिळून १५.६ ओहमचा एकच रेझिस्टर आहे, आणि त्यावर १.५६ व्होल्ट येतील असा बायस (आवाज नसतानाही व्हॉल्व्हमधून वाहणारा प्रवाह ठरवणारे ऋण व्होल्टेज) लावावा, अशी मूळ सूचना आहे. डाव्या चॅनलवर तो व्यवस्थित लागतो. उजव्या चॅनलवर मात्र आरंभी १.५६ लावले, तरी अ‍ॅम्प्लिफायर तापू लागताच आकडा हळूहळू चढत जाऊन १.८ च्याही पुढे जातो, आणि खोलीत अंधार केला असता जोडीतील एका व्हॉल्व्हच्या प्लेटवर (आतल्या बाहेरच्या धातूच्या पत्र्यावर) तांबूस डाग दिसतो. प्रीसेट (बायस लावण्याचा फिरता रेझिस्टर) फिरवून आकडा पुन्हा खाली आणणे पुरेसे आहे, की व्हॉल्व्हची नवी जोडी घ्यावी?

पहिले उत्तर

प्लेट लाल होत असेल तर अ‍ॅम्प्लिफायर तत्काळ बंद करावा आणि कारण सापडेपर्यंत प्रीसेटला हात लावू नये. १.५६ व्होल्ट म्हणजे १५.६ ओहममधून १०० मिलिअँपिअर, अर्थात प्रत्येक व्हॉल्व्हच्या वाट्याला सरासरी ५०. पण तो रेझिस्टर दोघांची फक्त बेरीज दाखवतो. एक व्हॉल्व्ह ७० आणि दुसरा ३० घेत असला, तरी मीटर समाधानाने १.५६ च दाखवील. तुम्ही बेरीज खाली आणली, तर निरोगी व्हॉल्व्ह आणखी उपाशी राहील आणि आजारी व्हॉल्व्ह तापतच राहील.

तेव्हा पहिली चाचणी अशी: अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण थंड झाल्यावर उजव्या चॅनलच्या दोन व्हॉल्व्हची आपसांत अदलाबदल करा आणि पुन्हा चालू करून लक्ष ठेवा. लाली व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या सॉकेटवर गेली तर दोष व्हॉल्व्हचा आहे. ती त्याच सॉकेटवर राहिली तर दोष सर्किटचा आहे, आणि तेथे नवी जोडी बसवली तरी तीही तशीच जळेल.

सर्किटचा दोष असल्यास माझा पहिला संशय कपलिंग कपॅसिटरवर, म्हणजे आधीच्या टप्प्यातून फक्त सिग्नल पुढे देऊन डीसी अडवणाऱ्या कपॅसिटरवर, आहे. जुन्या कपॅसिटरमधून गळणारा डीसी प्रवाह ग्रिडच्या (व्हॉल्व्हचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या जाळीच्या) रेझिस्टरमधून जातो आणि ग्रिडचे ऋण व्होल्टेज कमी करतो. हा रेझिस्टर २७० किलोओहमचा धरला, तर १० मायक्रोअँपिअर इतकी नगण्य वाटणारी गळतीही ग्रिडला २.७ व्होल्टने वर ओढते. उष्णतेने गळती वाढते, म्हणून आकडा तापल्यावर चढतो. दोन्ही सॉकेटच्या ५ क्रमांकाच्या, म्हणजे ग्रिडच्या, पिनवरील व्होल्टेज मोजून पाहा. दोन्ही पिनांवर ते जवळजवळ सारखेच असले पाहिजे.

मोजताना जिवाची काळजी घ्या. आत ४०० व्होल्टहून अधिक डीसी असतो आणि स्विच बंद केल्यावरही तो फिल्टर कपॅसिटरमध्ये साठून राहतो. मीटरची काळी तार क्लिपने चासीला (यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला) आधीच अडकवावी, चालू स्थितीत एकाच हाताने काम करावे, आणि आउटपुटला स्पीकर किंवा योग्य वॅटेजचा लोड जोडलेला असावा.

दुसरे उत्तर

वरील निदानाशी मी सहमत आहे. त्यात थोडी भर घालतो. १५.६ ओहमचा रेझिस्टर यंत्र बंद असताना स्वतंत्रपणे मोजावा. पूर्वी कधी व्हॉल्व्ह शॉर्ट झाला असेल तर तो भाजून त्याचे मूल्य बदललेले असू शकते, आणि मग १.५६ या आकड्याला काही अर्थ उरत नाही. हा एक रेझिस्टर काढून प्रत्येक कॅथोडला १० ओहमचा वेगळा रेझिस्टर लावणे ही या यंत्रातील सर्वांत उपयुक्त दुरुस्ती आहे, असे माझे मत आहे. मग ०.५ व्होल्ट म्हणजे ५० मिलिअँपिअर, आणि प्रत्येक व्हॉल्व्हचा प्रवाह वेगळा दिसतो. मात्र प्रीसेट चॅनलला एकच असल्यामुळे जुळवलेली जोडी तरीही लागतेच. दोन व्हॉल्व्हच्या प्रवाहांत मोठा फरक राहिला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात डीसी चुंबकन होते आणि खर्जातील स्वर सर्वांत आधी बिघडतात.

बायसच्या पुरवठ्यातील सेलेनियम रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा जुन्या पद्धतीचा भाग) आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदलावेत. डावा चॅनल ठीक आहे, त्यामुळे आजच्या दोषाचे मूळ त्या सामाईक भागात नाही. पण सेलेनियम जुना झाला की ऋण व्होल्टेज घटते आणि चारही व्हॉल्व्ह एकदम धोक्यात येतात. नवे कपॅसिटर लावताना धन टोक चासीकडे जाते, हे विसरू नये. सिलिकॉन डायोड लावल्यावर ऋण व्होल्टेज थोडे वाढते, म्हणून बायस नव्याने लावावा लागतो.

१.५६ या आकड्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. प्लेटवर ४१० व्होल्ट धरले तर ५० मिलिअँपिअरला २०.५ वॅट होतात, आणि ईएल३४ च्या प्लेटची मर्यादा २५ वॅट आहे. कॅथोडच्या प्रवाहात स्क्रीनचाही (व्हॉल्व्हमधील दुसऱ्या जाळीचाही) वाटा असल्याने प्लेटवरचा खरा भार थोडा कमी असतो, तरीही शांत अवस्थेत हे प्रमाण चढेच आहे. मी प्रत्येकी ४० मिलिअँपिअर, म्हणजे मूळ रेझिस्टरवर सुमारे १.२५ व्होल्ट ठेवतो. मुख्य पुरवठा मूळ रचनेपेक्षा चढा असेल तर हे अधिकच योग्य ठरते.

पहिल्या उत्तराचा लेखक

४० ला माझी हरकत नाही, पण त्याखाली जाताना सावध असावे. प्रवाह फार कमी केला की एक व्हॉल्व्ह थांबतो आणि दुसरा सुरू होतो त्या सांध्यावर लहर मोडते, आणि ही विकृती मोठ्या आवाजापेक्षा हळू आवाजात अधिक बोचते. ऑसिलोस्कोप उपलब्ध असल्यास कमी पातळीची साइन लहर पाहूनच खालची मर्यादा ठरवावी.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. व्हॉल्व्हची अदलाबदल करूनही लाली त्याच सॉकेटवर राहिली. ५ क्रमांकाच्या पिनवर एकीकडे उणे ३५ व्होल्ट मिळाले. दुसरीकडे आरंभी उणे ३४ होते, ते तापल्यावर उणे ३० पर्यंत घसरले. तेव्हा दोन्ही चॅनलचे चारही कपलिंग कपॅसिटर बदलत आहे. जुने व्हॉल्व्ह त्यानंतर वापरता येतील का?

दुसऱ्या उत्तराचा लेखक

लाली थोडाच वेळ राहिली असेल तर ते बहुधा वाचले असतील. कपॅसिटर बदलल्यावर प्रीसेट सर्वाधिक ऋण बाजूला ठेवून यंत्र चालू करा, मग हळूहळू प्रत्येकी ४० पर्यंत आणा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. वेगळे रेझिस्टर लावल्यावरही एखाद्या व्हॉल्व्हचा प्रवाह दोन्ही सॉकेटांवर चढत राहिला, तर त्याच्या काचेत वायू सुटला आहे असे समजून तो बाद करावा.