गॅसचा गिझर, चार रंगांचे डबे आणि शेजारचे आजोबा: रडगाणं की राजकारण?

यारा_काठचा (धागाकर्ता)

मेलबर्नात आपल्या लोकांच्या गप्पांत गोऱ्या म्हाताऱ्यांचा विषय निघाला की एक ठरलेलं वाक्य येतंच, "यांना काय, घरं स्वस्तात मिळाली, आता बसून कुरकुर करतात". मला हे अजिबात पटत नाही म्हणून धागा काढतोय, हवं तेवढं सोला.

ग्लेनरॉयला माझ्या शेजारी एक आजोबा राहतात, वय ७८, जन्मभर ब्रॉडमेडोजच्या कार कारखान्यात फिटर, बायको गेली, मुलगा क्वीन्सलंडला. कुंपणाशी उभं राहून बोलतात, तासभर. त्यांचं राजकारण डावं की उजवं ते मला अजून कळलेलं नाही, कारण ते सगळं घराच्या आतून सुरू होतं. गॅसचा गिझर जुना झालाय आणि १ मार्च २०२७ नंतर तो बंद पडला तर व्हिक्टोरियात (मेलबर्न याच राज्यात) परत गॅसचाच बसवता येणार नाही, विजेवरचा घ्यावा लागणार. यावर त्यांचं म्हणणं, माझ्या बाथरूममध्ये मंत्र्याचं काय काम? कचऱ्याचे डबे चार, लाल पिवळं हिरवं जांभळं झाकण, त्यात लाल आता पंधरा दिवसांनी उचलतात आणि कुठल्या आठवड्यात कुठला बाहेर काढायचा हे ते माझा डबा बघून ठरवतात (आणि मी त्यांचा बघून, ते सोडा). ऑक्टोबर २०२४ मध्ये थ्रीजी बंद झालं तेव्हा बटणांचा चांगला चालणारा फोन फेकावा लागला. लँडलाइन एनबीएनवर (सरकारी ब्रॉडबँडच्या जाळ्यावर) गेल्यापासून लाइट गेली की फोनही जातो, जुना तांब्याच्या तारेचा फोन लाइट नसतानाही चालायचा. जवळची बँकेची शाखा बंद झाली, आणि आता चेकसुद्धा जाणार, ३० जून २०२८ नंतर नवे निघणार नाहीत.

यातली एकेक गोष्ट बघितली तर किरकोळ वाटते आणि प्रत्येकीला कारणही चांगलंच आहे. पण हा माणूस सरकारला एकाच गोष्टीवर मोजतो, की काल जे सांगितलं ते उद्या पाळता का. १९६७ मध्ये तो वीस वर्षांचा झाला तेव्हा सरकार जन्मतारखांच्या गोट्या काढून पोरांना सैन्यात भरती करत होतं, व्हिएतनामसाठी, आणि मतदानाचं वय तेव्हा २१! म्हणजे मरायला चालतो, मत द्यायला लहान. त्याची तारीख निघाली नाही, मित्राची निघाली. १९७२ ला त्याने लेबर पक्षाच्या व्हिटलमला मत दिलं, व्हिटलमने पंतप्रधान झाल्या झाल्या ती भरती बंद केली, मतदानाचं वय १८ वर आणलं, आणि ११ नोव्हेंबर १९७५ ला गव्हर्नर जनरलने (राणीच्या प्रतिनिधीने) त्याच व्हिटलमला घरी पाठवलं. एवढं बघितलेला माणूस सरकारी पत्रक आलं की आधी संशय घेतो. मला तरी त्यात अडाणीपणा दिसत नाही.

भाड्याचं_घर_सिडनी

वाचून डोळे पाणावले. आता दुसरी बाजू ऐक.

तुझे आजोबा ज्या पिढीचे आहेत त्या पिढीसाठी नियम बदलले हे खरंय, फक्त बहुतेक वेळा त्यांच्याच फायद्याचे बदलले. १९७४ पासून १९८९ पर्यंत युनिव्हर्सिटी फुकट, ते स्वतः गेले नसतील पण पिढी गेली. १९८५ ला कॅपिटल गेन्स टॅक्स आला तर राहतं घर त्यातून वगळलं. पेन्शनची मालमत्ता मोजताना राहतं घर धरत नाहीत, मग ते ग्लेनरॉयला असो नाहीतर समुद्राकाठी. १९९९ ला पंतप्रधान हॉवर्डने गेन्सवर ५० टक्के सूट दिली, निगेटिव्ह गिअरिंग (भाड्याच्या घरातला तोटा पगारातून वजा करून कर वाचवणं) होतंच, दोन्ही मिळून ज्यांच्याकडे एक घर होतं त्यांनी दुसरं तिसरं घेतलं आणि आम्ही त्यांचे भाडेकरू झालो. २०१९ ला लेबरचा नेता शॉर्टनने यातलं थोडंसं बदलू म्हटलं, शिवाय फ्रँकिंग क्रेडिटचा (कंपनीने आधीच भरलेल्या करापोटी शेअरवाल्याला मिळणाऱ्या सवलतीचा) रोख परतावा बंद करू म्हटलं, तर "रिटायरी टॅक्स" म्हणून एवढी बोंब झाली की सगळे सर्व्हे त्याच्या बाजूने असताना माणूस निवडणूक हरला. त्यानंतर कित्येक वर्षं त्या विषयाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

माझा मालक दर वर्षी भाडं वाढवतो. ते पत्रक आलं की मी पण संशय घेतो हो, पण माझ्यावर कोणी धागा काढत नाही.

यारा_काठचा

अरे पण तू कुणाचा राग कुणावर काढतोयस? आजोबांकडे एकच घर आहे, शेअर्स नाहीत, फ्रँकिंग क्रेडिट म्हणजे काय ते मीच त्यांना सांगितलं. आणि १९९० ला होमलोनचा व्याजदर १७ टक्के होता हे विसरू नकोस, ते दर महिन्याला एकदा तरी ऐकवतात.

भाड्याचं_घर_सिडनी

आलं! १७ टक्के आलं! मी वाटच बघत होतो. १७ टक्के केवढ्या कर्जावर ते पण विचार ना. तेव्हाच्या घराची किंमत पगाराच्या किती पट होती आणि आता किती पट आहे, एका पगारावर घर चालवून चौघांचं कुटुंब कर्ज फेडत होतं. मला आज ६ टक्के पण चालतील, आधी डिपॉझिट जमू दे.

आणि ते एकटे किती बेडरूममध्ये राहतात?

यारा_काठचा

तीन. मग काय करायचं, हाकलायचं?

सदाशिव_पेठी

मला त्या गिझरशी घेणं नाही, पण तिकडे मतदान सक्तीचं आहे त्याबद्दल आजोबा काय म्हणतात ते सांगा. आमच्या पुण्यात लोकसभेला निम्म्याच्या जरा वर लोक बाहेर पडतात आणि उरलेले वर्षभर व्हॉट्सॲपवर देश चालवतात. सक्ती असती तर निदान तोंड बंद झाली असती.

यारा_काठचा

सक्तीच्या बाजूने आहेत, आणि तावातावाने. १९२४ पासून आहे ते, केंद्राच्या निवडणुकीत मत नाही दिलं तर २० डॉलर दंड, रक्कम काहीच नाही पण ९० टक्क्यांच्या आसपास लोक येतात. शनिवारी शाळेत मतदान, बाहेर सॉसेज भाजत असतात, एक ब्रेडमध्ये घालून खायचं. आजोबांचं लॉजिक असं की सगळे आले की नेत्याला नुसते आपले भक्त गोळा करून भागत नाही, ज्याला काही पडलेली नाही त्यालाही पटवावं लागतं.

सदाशिव_पेठी

हे बरंय. पण मला विचाराल तर ज्याला काही कळत नाही त्याला ओढून आणून काय मिळतं? पहिल्या नावापुढे १, दुसऱ्यापुढे २ असं वरून खाली लिहून मोकळा.

खडूस_अकाउंटंट

तसं लिहिणाऱ्याला इकडे डाँकी व्होट म्हणतात, माहितीसाठी. आणि पसंतीक्रमाची पद्धत पण विसरू नका, कुणालाच निम्म्यावर मतं नसतील तर तळाच्या उमेदवाराची मतं त्या मतदारांच्या पुढच्या पसंतीला जातात. मे २०२५ मध्ये लेबरला पहिल्या पसंतीची मतं ३५ टक्क्यांच्याही खाली आणि जागा १५० पैकी ९४. विरोधी पक्षनेता डटन स्वतःच्या डिक्सन मतदारसंघात पडला. म्हणजे प्रचंड बहुमत दिसतं, पण तिघांतल्या जवळपास दोघांची पहिली पसंती हे सरकार नव्हतंच. आजोबांसारख्यांची कुरकुर त्या आकड्यात आहे.

छपरावरचा_सोलरवाला

या धंद्यात आहे म्हणून थोडं बोलतो. एक तर कुणी कुणाचा चालू गिझर काढून नेत नाहीये. बंद पडला, दुरुस्त होण्यापलीकडे गेला, तर बदलताना विजेवरचा. गॅसची शेगडी राहू शकते. बास स्ट्रेटमधला (व्हिक्टोरियाच्या दक्षिणेच्या समुद्रातला) गॅस संपत चाललाय, पाइपलाइनचा खर्च तेवढाच आणि गिऱ्हाईक कमी कमी होणार, म्हणजे शेवटी जो गॅसवर उरेल त्याचं बिल सगळ्यात जास्त. आज हट्टाने गॅस घेणारा म्हातारा पाच वर्षांनी तेच बिल घेऊन कुंपणाशी उभा राहील.

दुसरं, आजोबांच्या छपरावर सोलर आहे का? जुनं असेल तर मला पुढची गोष्ट माहितीये.

यारा_काठचा

आहे, २०१० च्या सुमाराचं, छोटंसं. तीच त्यांची सगळ्यात मोठी तक्रार. जादा वीज ग्रिडला दिली की युनिटला ६० सेंट मिळायचे, १ नोव्हेंबर २०२४ ला बंद.

छपरावरचा_सोलरवाला

वाटलंच. २०२५-२६ साठी व्हिक्टोरियात ठरवून दिलेला किमान दर ०.०४ सेंट होता, म्हणजे जवळपास शून्य. त्यांना वाटतं सरकारने शब्द फिरवला, पण त्या स्कीमची शेवटची तारीख पहिल्या दिवसापासून कागदावर होती. आणि दुपारी ऑस्ट्रेलियाभर ४० लाखांवर छपरं एकदम वीज ओततात, तिला भाव कोण देणार?

शिवाय ते ६० सेंट सरकारने खिशातून दिले नव्हते. वीजकंपन्यांनी ते सगळ्या गिऱ्हाइकांच्या बिलात वाटून टाकले. ज्यांच्याकडे स्वतःचं छप्पर नाही त्यांच्यासुद्धा.

भाड्याचं_घर_सिडनी

थांबा थांबा, म्हणजे भाडेकरूंनी आजोबांच्या विजेचे पैसे दिले? चौदा वर्षं? आणि तेच आजोबा म्हणतात सरकार फसवतं?? यारा भाऊ, बोला आता.

यारा_काठचा

बोलतो की. स्कीम कुणी आखली, आजोबांनी? सरकारने सांगितलं पॅनेल लावा, त्यांनी रिटायरमेंटच्या पैशातून लावले. शेवटची तारीख बारीक अक्षरात होती, मान्य, पण विकायला आलेल्या माणसाने ती मोठ्याने वाचली असेल का. माणसाला नागरिक म्हणून न बघता पंधरा वर्षं गिऱ्हाईक म्हणून बघितलं तर तो बिलाच्याच भाषेत बोलणार. तुझा मालक आणि हे आजोबा यांना एकाच पोत्यात घालतोयस तेवढंच माझं भांडण आहे.

माईआजी

बाळांनो, मी सांगलीची, वय ७१, सध्या डँडेनाँगला लेकीजवळ. टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

तुम्ही दोघंही गोऱ्या आजोबांवर भांडताय. आम्ही पण ऑस्ट्रेलियातली म्हातारी माणसंच आहोत की. साध्या पेरेंट व्हिसाला तीस वर्षांच्या वर वाट बघावी लागते, तेवढं जगणार कोण, म्हणून मुलांनी पैसे भरून आणलं, आता माणशी ४८ हजार डॉलरच्या आसपास पडतात, आमच्या वेळी जरा कमी होते. पेन्शनला दहा वर्षं राहावं लागतं, तोवर आम्ही मुलांच्या जिवावर होतो. मुलं करतात हो, पण ब्लाउज शिवायला टाकायचा तरी जावयाच्या कानावर जातं.

आमच्या ह्यांना पार्किन्सन आहे. सरकारची नवी सपोर्ट अॅट होम योजना (म्हाताऱ्यांना घरीच मदत देणारी) १ नोव्हेंबर २०२५ ला आली, तेव्हाचे नियम सांगते. नर्सचे पैसे लागत नाहीत, पण आंघोळ घालायला माणूस येतो ती "मेडिकल" गोष्ट नाही म्हणे, आम्हाला आता पूर्ण पेन्शन असून तिचे ५ टक्के आम्ही द्यायचे, घरसफाईचे १७.५. ज्यांचं पेन्शन नाही त्यांना आंघोळीचे ५० पर्यंत, सफाईचे ८० पर्यंत. जे १२ सप्टेंबर २०२४ पर्यंत मंजूर झाले होते त्यांना जुने नियम. आम्ही नंतरचे. पाच टक्के म्हणजे फार नाहीत, पण ज्याचे हात थरथरतात त्याची आंघोळ ही चैन कशी काय ठरली ते मला कुणी सांगावं. मी खासदारांच्या ऑफिसात जाऊन हेच विचारलं, मराठी इंग्रजीत, त्या पोरीने लिहून घेतलं.

त्यामुळे यारा, तुझ्या आजोबांचं मला पटतं. पण एक विचार त्यांना. ३१ ऑगस्ट २०२५ ला बाहेरून आलेल्यांविरुद्ध मोर्चे निघाले, पत्रकांवर आम्हा भारतीयांचं नाव घालून, त्या दिवशी लेकीने मला घराबाहेर जाऊ दिलं नाही. तेव्हा ते कुठे होते?

यारा_काठचा

माई, घरीच होते. मोर्चाला गेले नाहीत आणि मोर्चाविरुद्ध काही बोललेही नाहीत. माणसं फार झाली, रस्ते तेवढेच, असं म्हणतात. मी समोर उभा असताना म्हणतात, आणि मग "तू नाही रे" असं जोडतात. मला ते "तू नाही रे" आवडत नाही. तेही सांगितलंय.

भाड्याचं_घर_सिडनी

माई, तुमच्यापुढे मी गप्प. पण यारा, हे तू मूळ धाग्यात का नाही लिहिलंस? गिझर लिहिला, डबे लिहिले, व्हिएतनाम लिहिलं. माणसं फार झाली हे पण त्यांचं राजकारणच आहे ना, आणि त्यांची आंघोळ घालायला उद्या जे कोणी येईल ते केरळचं नाहीतर नेपाळचं असेल.

खडूस_अकाउंटंट

तीन बेडरूमचा प्रश्न राहिला. हाकलायची गरज नाही. छोटं घर घ्यायचं तर नव्या घरावर बहुतेकांना परत स्टॅम्प ड्यूटी, आणि जुनं विकून उरलेला पैसा पेन्शनच्या मालमत्तेत मोजायला लागतात, कारण वीट मोजत नाहीत पण बँकेतला डॉलर मोजतात. नव्या घरासाठी ठेवलेल्या पैशाला थोडी मुदत मिळते, पण उरलेल्यामुळे पेन्शन कापलं जाऊ शकतं. मग कोण हलेल? मी तर माझ्या क्लायंटला हलू नका असंच सांगतो. कॅनबेरावाले २०१२ पासून वीस वर्षांत स्टॅम्प ड्यूटी काढून दरवर्षीच्या रेट्समध्ये (घरपट्टीत) टाकतायत. न्यू साउथ वेल्सने २०२३ च्या जानेवारीत पहिल्या घरासाठी तसा पर्याय दिला, त्याच वर्षी सरकार बदललं आणि तो गुंडाळला.

यारा_काठचा

म्हणजे आजोबांच्या रेट्समध्ये अजून भर. जुलै २०२५ पासून आधीच तिथे इमर्जन्सी सर्व्हिसेसच्या फंडासाठी नवा आकार लावलाय, त्यावरून शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले होते. हे मी तरी त्यांना सांगणार नाही, तुम्ही या कुंपणाशी.

छपरावरचा_सोलरवाला

आजोबांना गिझर बंद पडायची वाट बघू नका म्हणावं. बंद पडतो तो जुलैतच, तेव्हा गार पाण्याने घाबरून माणूस पहिला जो येईल त्याच्याकडून घेतो. आत्ताच दोन-तीन कोटेशन घ्या, हीट पंपला (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या विजेवरच्या गिझरला) व्हिक्टोरियात सवलत आहे ती धरून भाव विचारा. दारावर येऊन "फुकट बसवतो" म्हणणाऱ्याला हाकला. बाहेरचं युनिट रात्री घुमतं, त्यामुळे ते त्यांच्या किंवा तुझ्या बेडरूमच्या खिडकीखाली नको. सोलर आहे तर टायमर दुपारचा लावा, जवळपास फुकट विकण्यापेक्षा पाणी तापवलेलं परवडतं.

माईआजी

टायमर आपला आपल्याला बदलता येतो का? की त्याला पण ॲप?